हिरवळीतली हुमणी

छबूबाई कोकरे यांच्या पत्राला मी वीस दिवस उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं ते पंच्याण्णव सालच्या भाद्रपदात. निळं इनलँड, आणि त्यावर एकेक अक्षर सुटं, जपून उभं केलेलं. साक्षरतेच्या वर्गात शिकल्यावर लिहिलेलं हे आपलं पहिलंच पत्र, असं त्यांनी वरच कळवलं होतं. पुढे होतं :

"तुमी अंकात लिवलं तसं मी चैतात लॉनवर लेंडीखत घातलं. आता गवत पिवळं पडलं. उचललं की घोंगडीसारखं सगळं वर येतं. खाली हुमणी हाय. सायेब म्हनत्यात तुझ्या लेंडीनं झालं. काय करावं ते लिवा."

हुमणी म्हणजे मातीत राहून मुळं खाणारी पांढरी, वाकडी अळी. हे मला पुस्तकातून माहीत. मी बारामतीच्या एका कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर शेतीविषयक एका मासिकात लिहू लागलो. स्वतःच्या हातानं मी दोन कुंड्यांपलीकडे काही लावलेलं नाही, आणि ते वाचकांना कधी कळेल या धाकात प्रत्येक लेख पाठवतो. चैत्रातला लेख विषाशिवाय हिरवळ कशी राखावी यावर होता.

पत्र वाचून मी कच्चा मजकूर काढला. ज्या पुस्तकावरून लिहिलं त्यात 'पूर्ण कुजलेले लेंडीखत' असं होतं. माझ्या पहिल्या कागदावरही तसंच होतं. मग 'पूर्ण कुजलेले' यावर काट मारलेली दिसली. का मारली तेही आठवलं. वाक्य लांबतंय असं वाटलं होतं.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. लिहायला बसे, 'कळविण्यास खेद होतो की' इथवर येई, उठे, अंगणात जाई. चूक कबूल केली तर मासिक पुढे लेख घेईल का? नाही केली तर त्या बाईंचं काय? रोज टपालाची वेळ टळून जायची आणि मला जरा सुटल्यासारखं वाटायचं. त्याचीच मग लाज वाटायची.

"एका पत्रासाठी एवढे कागद?" आमच्या मुक्ताबाई म्हणाल्या. "लग्न ठरलं तेव्हा मला चार ओळी धाडल्या नव्हत्या. कोण ही छबूबाई, बघून तरी या!"

एकविसाव्या दिवशी, शुक्रवारी, मी खरोखरच इंदापूरच्या एसटीत बसलो. वाटेत अंथुर्णे आलं तसा धीर सुटला. उतरलो. परतीच्या गाडीची वाट बघत अर्धा तास उभा राहिलो. पण आधी आली ती इंदापूरचीच गाडी. कंडक्टरनं विचारलं, "आबा, येताय का ऱ्हाताय?" चढलो.

पत्त्यावरची शिक्षणसंस्था स्टँडपासून जवळच होती. इमारतीपुढं हिरवळ, आणि तिच्यावर पिवळे, परातीएवढे डाग. पन्नाशीची एक बाई खुरप्यानं गवताची कड उलटी करत होती आणि पायाला सुतळी बांधलेल्या तीन कोंबड्या उघड्या मातीतून अळ्या टिपत होत्या.

तेवढ्यात व्हरांड्यातून एक गृहस्थ ओरडले, "छबूबाई, लॉन हाय का खुराडं हाय?"

"तुमच्या औषदापरीस माझी कोंबडी सस्ती हाय, सर्जेराव. वर आंडं बी देती!"

"सोमवारी दानेदार विष टाकनार म्हंजे टाकनार. आदी लेंडी घातली, आता कोंबड्या. उद्या रेडा आन." सर्जेराव, म्हणजे संस्थेची देखरेख करणारे साहेब, आत गेले.

मी कुंपणाशी घुटमळत होतो. छबूबाई माझ्याकडे वळल्या. "कोन पायजे, आबा?"

"कुणी नाही. विष टाकलं तर काय होईल?"

"गवत जाईल की माझं. कापलेलं गवत मी न्यायचं, असं ठरवून तर हितं लागले. घरी दोन मेंढ्या हायत, दोगींच्या खाली कोकरं. एकदा विष पडल्यावर ह्ये त्यांच्या म्होरं टाकू व्हय?" त्यांनी एक अळी उचलून कोंबडीपुढे फेकली. "आन नाव माझंच खराब. म्हनं लेंडी वाईट. आमच्या आज्यापासनं लोक बोलवून न्हेत्यात, शेतात मेंढरं बसवा म्हनत्यात. तवा कोन कुजवतं लेंडी?"

"शेतात नंतर नांगरट होते," मी म्हणालो. मला माझाच आवाज परका वाटला. "ऊन लागतं, माती खालीवर होते. इथं नांगर नाही. रोजच्या पाण्यानं ताजी लेंडी ओलीच राहिली, आणि जूनमध्ये हुमणीच्या भुंगेऱ्यांनी तिथंच अंडी घातली. इथं कुजवूनच घालायला हवी होती."

छबूबाई खुरपं धरून बघत राहिल्या. "मग त्या लिवनाऱ्यानं तसं लिवायचं हुतं की."

"तो लिहिणारा मीच."

मी गेटाकडे पाहिलं. पळावंसं वाटत होतं.

"तुमी व्हय महिपतराव? मला वाटलं, मोठा मानूस असंल, आमच्यासारखीला कशाला लिवतोय." मग एकदम हसल्या. "मोठं न्हाय दिसत तुमी."

"नाहीच. चला, सर्जेरावांना आत्ता जाऊन सांगतो."

"तोंडी न्हाय! तोंडचं त्यो जेवताना इसरतोय. कागद लागतोय त्याला. आन माझ्या हातात दिऊ नगा, म्हनंल हिनंच लिवून आनला. टपालानं धाडा, शिक्क्यानं. सोमवारच्या आत पोचला पायजे."

पोस्टात एक टेबल होतं, बांधलेलं पेन होतं. दोन इनलँड घेतली. बाहेरच्या पेटीवर टपाल काढायची वेळ तीन लिहिली होती. भिंतीवरच्या घड्याळात दोनला वीस कमी होते.

पहिलं छबूबाईंना. 'आपल्या पत्राचं उत्तर द्यायला उशीर झाला' असं लिहिलं आणि त्यापुढे 'भीतीमुळे' घातलं. तो शब्द खोडावासा वाटला. खोडला नाही.

दुसरं सर्जेरावांना. चूक माझी, छबूबाईंची नाही, हे पहिल्याच वाक्यात. माझ्या लेखातून कोणते शब्द गळले, ते कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर आहेत, तेही. मग : डाग पडलेलं गवत उचलून अळ्या वेचाव्यात, कोंबड्यांना आठवडाभर फिरू द्यावं, मातीत निंबोळी पेंड मिसळावी. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला दिवेलागणीनंतर कडुनिंब नि बाभळी हलवून पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात बुडवावेत. विष टाकल्यास इथलं गवत जनावरांना घालता येणार नाही. मी शेतकरी नाही, हेही लिहिलं. लिहिल्यावर वाटलं, आता हा माणूस सगळंच फेकून देईल. ते वाक्य काढण्यासाठी नवं इनलँड घ्यायला उठलो. तीनला सहा मिनिटं होती.

बसलो. खाली लिहिलं, 'शंका असल्यास मला बोलवावं, मी बारामतीहून येईन.' सही केली, पूर्ण नाव घातलं, कडा चिकटवल्या.

पोस्टमन पेटीला किल्ली लावत होता. "टाका की, तात्या," तो म्हणाला, "का परत वाचायचीत?"

मी दोन्ही पत्रं त्याच्या पिशवीतच टाकली.