मनालीच्या हातासाठी

मनालीचा उजवा हात माऊसवरून घसरू लागला तेव्हा सगळ्यांनी दोष माऊसला दिला. तिच्या नवऱ्याने, संघर्षने, नवा माऊस आणला. मग खुर्ची बदलली, मग टेबलाखाली लाकडी ठोकळे लावून उंची वाढवली. हात घसरतच राहिला.

एका स्थानिक दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत शब्दकोडं यायचं, ते मनाली रचायची. बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात तिचा जुना संगणक होता. चालू केला की त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा आणि सासूबाई, म्हणजे चांगुणाबाई, आतून ओरडायच्या, "लागली का गं चक्की?" त्या गिरणीवरच मनालीने लग्नानंतरची सगळी वर्षं कोडी रचली होती. कोड्याखाली नाव छापत नसत. त्याचं तिला काही वाटायचं नाही. रविवारी बसमध्ये कोणी पेन घेऊन चौकोन भरताना दिसलं की ती दिवसभर खुशीत असायची.

तपासण्या नाशकात झाल्या, नंतर मुंबईला झाल्या. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की हा नसांचा आजार आहे. हात जातील, पाय जातील, बोलणं जाईल. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील. औषधाने वेग थोडा कमी होईल, इतकंच.

परतीच्या वाटेवर कसारा घाट संपल्यावर संघर्ष म्हणाला, "आपण तुझ्यासाठी नवा लॅपटॉप घेऊ. तो दुमडणारा असतो बघ, टॅबलेट होणारा. पलंगावर पडून पेनने लिहिता येईल तुला."

मनाली खिडकीतून बघत "बरं" म्हणाली.

संघर्ष पाटबंधारे खात्यात कारकून होता. प्रत्येक अडचणीची कुठेतरी काहीतरी सोय असते, ती शोधावी लागते, असं त्याला मनापासून वाटायचं. डॉक्टरांनी जे सांगितलं त्याच्यावर त्याला करता येण्यासारखं काही नव्हतं. लॅपटॉपवर करता येण्यासारखं पुष्कळ होतं.

गंगापूर रोडच्या दुकानात रोहित नावाच्या विक्रेत्याने तीन लॅपटॉप काचेवर मांडले. मनालीची जीभ तोवर थोडी जड झाली होती. तिला ऐकू येत नाही असं समजून रोहित तिच्याशी मोठ्याने बोलत होता.

"मॅडम, हा पंधरा इंची! अक्षर मोठं दिसेल!"

मनालीने तो दोन्ही हातांनी उचलायचा प्रयत्न केला. कडा जेमतेम काचेवरून सुटली. तिने मान हलवली.

"मग हा तेरा इंची घ्या. हलका आहे. बिजागरी बघा, पूर्ण मागे वळते. तंबूसारखा उभा पण राहतो."

"पेन जाड मिळेल का?" तिने विचारलं. रोहितला कळलं नाही. संघर्षने तेच पुन्हा सांगितलं.

"पेन एवढंच येतं सर. पण मी म्हणतो, रॅम सोळाची घ्या, स्टोरेज पण वाढवून घ्या. पाच वर्षं बघायला नको."

संघर्षने बिजागरीवर बोट फिरवायला सुरुवात केली. मनाली हळूहळू, एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, "पाच वर्षांचं नको. आत्ताचं दाखवा."

तेरा इंची घेतला. रॅम मात्र संघर्षने सोळाचीच घेतली.

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. जुन्या संगणकातली सगळी कोडी, साठवलेले शब्द, त्यांची शोधसूत्रं जुन्या फॉन्टमध्ये होती. नव्या लॅपटॉपवर ती उघडली तर पडद्यावर नुसती चिन्हं आणि फुल्या दिसल्या. संघर्षने त्या फायली बदलून देणारी एक सोय शोधून काढली. अर्धी अक्षरं सरळ झाली, जोडाक्षरं मोडली, रफार भलत्याच डोक्यावर जाऊन बसले.

"मी करते नीट," मनाली म्हणाली. पेनाला चिंधी गुंडाळून संघर्षने ते जाड केलं आणि तिच्या बोटांत बसवलं. उशांना टेकून ती रोज थोडं थोडं दुरुस्त करू लागली. सुरुवातीला एक पान व्हायचं, मग अर्धं, मग दोन ओळी.

लॅपटॉप हस्ताक्षर ओळखायचा, पण तिचं थरथरतं अक्षर त्याला वाचता येईना. संघर्षने संध्याकाळी ऑफिसातून येऊन सेटिंग बदललं. मनगट टेकलं तर पडद्याने दुर्लक्ष करावं, बोट जास्त वेळ राहिलं तर चालावं, पडद्यावरचा बाण मोठा दिसावा. दुसऱ्या आठवड्यात मनगट उचललंच जाईना. त्याने पुन्हा बदललं. दर वेळी असंच व्हायचं. त्याने ज्या हातासाठी सोय केली, सोय होईपर्यंत तो हात तिच्याकडे उरलेला नसायचा.

मग पेन बाजूला ठेवलं आणि बोलून लिहायचं ठरलं. एका सकाळी त्याने माईक चालू केला. "बोल. कुठलाही शब्द."

"शेवाळ," मनाली म्हणाली.

पडद्यावर उमटलं: सेवा.

"पुन्हा बोल."

"शे-वा-ळ."

शेवया.

मनाली हसली, संघर्षही हसला. चांगुणाबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनाही हसू आलं. "आरं, मला तर समजलं ती काय म्हनली ते. ह्या डबड्याला काय झालं?" मनालीने आणखी एकदा म्हटलं. तिसऱ्या वेळी पडद्यावर काहीच आलं नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला नाही आणि हसलीही नाही.

पुरवणीच्या संपादिका संजनाताईंचा फोन संघर्षला ऑफिसात आला. बाई भल्या होत्या. पुष्कळ आठवडे त्यांनी मनालीची जुनीच कोडी फिरवून छापली होती. आता दुसरीकडून तयार कोडी घ्यायचं ठरलं, असं त्या अवघडून म्हणाल्या. "वहिनींना बरं वाटलं की आपण बघूच." संघर्षने घरी हे सांगितलं नाही. रविवारचा पेपर तो बाहेरच्या बाहेर शेजाऱ्यांना देऊ लागला.

काही दिवसांनी चांगुणाबाई पलंगाजवळ बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी खाली शेजाऱ्यांकडून आणलेला जो पेपर अंथरला होता, त्यात नवं कोडं होतं. मनाली बराच वेळ त्याकडे बघत राहिली. संघर्ष आला तेव्हा तिने भुवयांनी ते दाखवलं.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला.

तिने काहीतरी म्हटलं. त्याला कळलं नाही. त्याने चांगुणाबाईंकडे पाहिलं.

"सोपं हाय म्हनती," चांगुणाबाईंनी सांगितलं. "त्यांचं कोडं लय सोपं हाय."

हिवाळा सुरू होईपर्यंत बोलणं पूर्ण गेलं. संघर्षने मुंबईहून पडद्याखाली चिकटवायची एक पट्टी मागवली. डोळे जिकडे बघतील तिकडे बाण जाणार होता. त्याच्या मागे त्याने रजा टाकल्या. ट्यूबलाइटची चमक तिच्या चष्म्यावर पडायची म्हणून दिवा बदलला. मग चष्मा काढला, तर अक्षरं दिसेनात. कधी लॅपटॉप तंबूसारखा उभा केला, कधी स्टँडवर लावला. त्यात मराठी कळफलक बसेना. शेवटी इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहायचं ठरलं. मनालीने यावर डोळे मिटून घेतले होते. पण संघर्ष म्हणाला, "तात्पुरतं गं. मराठीचं बघतोय मी," आणि तिने डोळे उघडले.

पडद्याच्या चारी कोपऱ्यांत ठिपके यायचे, त्यांच्याकडे बघत राहायचं, मग यंत्राला डोळ्यांची ओळख पटायची. तिचे डोळे थकायचे आणि पाणी गळायचं. तो रुमालाने टिपायचा की ओळख पुन्हा पहिल्यापासून.

एका दुपारी ते जमलं. बाण अडखळत एका अक्षरावर गेला, थांबला, दुसऱ्यावर गेला. फार वेळाने एक ओळ झाली आणि लॅपटॉपने ती इंग्रजी वळणाने मोठ्याने वाचली.

"माला हे नाको. टू बॉल."

उच्चार ऐकून त्याला हसू फुटलं. मग त्याने पडद्यावरची अक्षरं वाचली. मला हे नको. तू बोल.

सगळ्या संसारात मनाली त्याला कधी 'तू' म्हणाली नव्हती. 'अहो, तुम्ही' असंच चालायचं. अक्षरं वाचवायला म्हणाली असेल. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती, त्याच्याकडे बघत होती. दुकानातून लॅपटॉप आणल्यापासून आपण या बाईशी लॅपटॉप सोडून काही बोललो का, हे तो आठवू लागला. काही आठवेना.

त्याने पट्टी काढली, लॅपटॉप मिटला आणि खुर्ची पलंगाला चिकटवून बसला.

"आज ऑफिसात," तो म्हणाला, आणि आज आपण रजेवर आहोत हे त्याच्या लक्षात आलं. "काल ऑफिसात गोटीरामची बदली झाली. वणीला. त्याची बायको म्हणते मी येणार नाही."

मनाली ऐकत होती.

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी बोलू लागला. बोलायची त्याला सवय नव्हती. कालवे, टपाल, साहेबांचा मुलगा, भाजीचे भाव. काही दिवशी पाच मिनिटांत सगळं संपायचं आणि मग तो नुसताच बसून राहायचा. कधी ती डोळे मिटून घ्यायची. झोप लागली की कंटाळली, हे मिटल्या डोळ्यांना विचारायचा काही मार्ग नव्हता. तरी तो बोलायचा. आत चांगुणाबाई बुद्धवंदना म्हणायच्या, तेवढा वेळ थांबायचा आणि पुन्हा सुरू करायचा.

जानेवारीत श्वास कमी पडायला लागला. डॉक्टर घरी येऊन गेले. दवाखान्यात न्यायचं की नाही, हे घरच्यांनी ठरवावं, असं म्हणाले. मनालीने आधीच नको म्हणून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी संघर्ष तिला धरणातून शेतीसाठी सोडलेल्या पाण्याच्या पाळीचं, आवर्तनाचं, सांगत होता. पाणी शेवटच्या शेतांकडे जाणाऱ्या चारीपर्यंत पोचतच नाही, वरचे लोक रात्रीतून कालव्याची दारं उघडतात, मग खालचे लोक ऑफिसात येऊन त्यालाच बोलतात. चांगुणाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, मग आत आल्या. सुनेच्या नाकापुढे त्यांनी हात धरला.

"संघर्ष," त्या म्हणाल्या, "थांब, बाळा. ती गेली रं."

कधीपासून तो एकटाच बोलत होता, ते त्याला सांगता आलं नसतं. त्याने आईकडे पाहिलं, मग मनालीकडे. वाक्य अर्धं राहिलं होतं. "म्हणून मी त्यांना म्हटलं," तो हळू आवाजात म्हणाला, "की अर्ज द्या, मी साहेबांपुढे ठेवतो."

मग तो उठला आणि शेजाऱ्यांना बोलवायला गेला.