मुका मार

मिस्त्रीनं आयुष्यात हजारो फळ्या कापल्या होत्या. गेल्या आठवड्यात एका फळीनं त्याचा सूड उगवला. करवतीच्या मशीनमध्ये ती अडकली, उलटून आली आणि डाव्या बरगड्यांखाली पोटावर आदळली. रक्ताचा थेंब नाही. "मुका मार आहे, प्लीहेला सूज आहे," असं म्हणत डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं. सोडताना नर्सबाईंनी विचारलं, "घरी लक्ष ठेवायला कोण आहे?"

"बहीण आहे," मिस्त्रीनं ठोकून दिलं आणि तिचा नंबरही लिहून दिला.

नंबर तोंडपाठ होता, पण बहिणीशी चार वर्षं अबोला होता, तोही एका कपाटावरून. भाचीच्या लग्नात द्यायला यानं जीव ओतून कपाट केलं आणि मेहुणे एवढंच म्हणाले, "दार जरा घासतंय." झालं! स्वारीनं आल्या पावली कपाट परत नेलं आणि लग्नालाही गेली नाही. ते कपाट अजून त्याच्या खोलीत उभं होतं. दार खरंच घासत होतं.

घरी तो नुसता पडून राहिला. सूचनांच्या कागदाची घडीही त्यानं मोडली नाही. पोटावरचा जांभळा डाग पसरत चालला होता, तेवढाच काय तो बदल. कारखान्यातून कोणाचा फोन आला नाही. जन्मभर तिरसटपणा केल्यावर कोण करणार? त्याला फार एकटं वाटत होतं, आणि तसं म्हणायलाही समोर कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. बहीण होती.

"तुझ्या नर्सबाईंचा फोन आला होता. भावाची तब्येत कशी आहे म्हणे! मी काय सांगणार, कपाळ?"

"मग?"

"म्हटलं, झोपलाय, उठला की विचारून कळवते. आता गुपचूप उत्तरं दे. उलटी?"

"नाही."

"चक्कर?"

"उठताना थोडी. पडून पडून येतेच."

ती लिहून घेतलेलं वाचत होती. आवाज अगदी कोरडा. मिस्त्री मुद्दाम सावकाश उत्तरं देत होता. प्रश्न संपले की ती फोन ठेवणार, याची त्याला धास्ती होती.

"शेवटचं. खांदा दुखतोय?"

मिस्त्रीला हसू आलं. "रंधा मारून मारून तीस वर्षं दुखतोय. सकाळपासून जरा जास्त."

"कुठला?"

त्यानं दुखऱ्या जागेवर हात नेला. रंधा मारून झिजलेला खांदा उजवा. त्याचा हात डाव्यावर होता.

"दादा? बोल ना, कुठला?"

चार वर्षांत त्याला कोणी दादा म्हटलं नव्हतं.

"डावा."

ती एकदम भराभर बोलू लागली. "नीट ऐक. आत रक्त झिरपलं की डावा खांदा दुखतो, असं सांगितलंय त्यांनी. दाराची कडी काढ आणि आडवा हो. यांच्या फोनवरून अँब्युलन्स बोलावते, मीही निघते. आणि फोन ठेवलास तर याद राख!"

"नाही ठेवत गं," म्हणत तो भिंतीला धरून उठला. तीन दिवस 'जगलो काय, मेलो काय' म्हणत पडलेल्या माणसानं फोन कानाला धरूनच कडी काढली. आता त्याला मरायचं नव्हतं.