बर्फाला टेकलेली लस

परदेशातल्या लसीकरण मोहिमेच्या मुलाखतीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कामात कधी चूक झाली?" घोकून आणलेलं उत्तर नर्सताई ऐनवेळी विसरल्या आणि खरं तेच तोंडून निघालं.

"झाली ना! लस गार राहावी म्हणून बाटल्या थेट बर्फाला टेकवल्या. सगळ्या गोठून वाया गेल्या. चाळीस आया लेकरं कडेवर घेऊन ताटकळल्या. तेव्हापासून बर्फ आणि बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठा घातल्याशिवाय लशीचा डबा बंद करत नाही."

गेली नोकरी, म्हणत ताईंनी पर्स उचलली.

"बसा हो! सकाळपासून सहा जण आले, एकाचीही म्हणे कधी चूकच झाली नाही. त्यांच्या हाती डबा द्यायची मला धास्ती वाटते. कधी निघाल?"

ताईंचा जीव भांड्यात पडला. "उद्यासुद्धा! पण पुठ्ठा मी घरूनच आणणार."