वर बघ

फैजने एक्सेलमध्ये तक्ता केला तेव्हा उमैर अठरा दिवसांचा होता. डावीकडे हिरव्या रंगात फायदे, उजवीकडे लाल रंगात धोके, आणि खाली बेरीज. आमच्या मुलाचा खतना करायचा की नाही, ते या बेरजेवरून ठरणार होतं. फैज आणि मी एकाच कंपनीत. तो प्रोग्रॅम लिहिणार आणि मी त्यातल्या चुका काढणार, आमचं लग्न जमलं तेही असंच. त्यामुळे मी त्याचा तक्ता कसा वाचणार, हे त्याला ठाऊक असायला हवं होतं.

"हिरवे अकरा, लाल चार," तो म्हणाला. "तूच बघ."

मी बघितलं. हिरव्यातल्या तीन ओळींत एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगितली होती. एका ओळीत नुसतं 'स्वच्छता' लिहिलं होतं आणि पुढे कुठल्याच अभ्यासाचा पत्ता नव्हता. लाल बाजूला 'वेदना' हा शब्द होता, पण त्याला गुण द्यायचे राहून गेले होते.

"तू आधी 'पास' लिहिलंस आणि मग टेस्ट चालवलीस," मी म्हणाले.

त्याला लागलं ते. लॅपटॉप मिटून तो दूध तापवायला गेला.

या गोष्टीला आमच्या घरात खतना म्हणतात, पुस्तकात सुंता म्हणतात, आणि माझ्या माहेरी वाईला शेजारपाजारचे 'मुसलमानी' म्हणायचे, म्हणजे त्याआधी पोरगं जसं काही भलतंच कोणी असतं. माझे सासरे अल्लाबक्ष, ज्यांना मी अब्बा म्हणते, ते एकदा म्हणाले होते, "जन्मल्यावर कानात अजान पडली तेव्हाच झाला तो मुसलमान. हे वेगळं." वेगळं म्हणजे काय, ते काही त्यांनी सांगितलं नाही. नारायण पेठेत चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून, गिऱ्हाइकाशी किती कमी बोलून भागतं, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

मला नकोच होतं, असं नाही. माझ्या दोन्ही भावांचा झाला, तेव्हा मी मजेत बिर्याणी खाल्ली होती. पण तेव्हा मी कुणाची आई नव्हते. धडधाकट, झोपेत हसणारं पोर उचलून कापायला न्यायचं, तर मला कारण हवं होतं, आणि ते खरं हवं होतं. खोट्या कारणावर मी ऑफिसातसुद्धा सही करत नाही.

उमैर सव्वा महिन्याचा झाल्यावर आम्ही त्याला हेमा मॅडमकडे नेलं. त्या लहान मुलांच्या सर्जन, कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत त्यांचं छोटं हॉस्पिटल. फैजने तक्त्याची प्रिंट पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली, हे मला आवडलं.

"लघवीचं इन्फेक्शन पहिल्या वर्षात कमी होतं, हे बरोबर," त्या म्हणाल्या. "पण निरोगी मुलांत ते मुळातच कमी असतं. साधारण शंभर मुलांची सुंता करावी तेव्हा एकाचं टळतं. एचआयव्हीबद्दलच्या आफ्रिकेतल्या चाचण्या चांगल्या आहेत, पण त्या मोठ्या पुरुषांवरच्या. तुमचे चिरंजीव त्या वयाला पोचायला वेळ आहे."

"आणि धोके?" मी विचारलं.

"थोडं रक्त, क्वचित इन्फेक्शन, फार क्वचित पुन्हा करावं लागतं. सुन्न करायचं इंजेक्शन देऊनही रडतोच. केलं तर फारसं बिघडत नाही, नाही केलं तरी फारसं बिघडत नाही. डॉक्टर म्हणून मी 'करा' म्हणणार नाही आणि 'करू नका' असंही म्हणणार नाही."

फैज म्हणाला, "म्हणजे फायदा आहे."

"थोडा आहे. तेवढ्यासाठी मी कुणाला बोलावून घेत नाही."

तरी त्याने पुढच्या शुक्रवारची वेळ मागितली. मॅडमनी संमतीपत्र काढून दिलं. त्यात 'शस्त्रक्रियेचे कारण' असा रकाना होता, आणि खाली वडिलांची सही, आईची सही. फैजने कारणापुढे 'आरोग्य' असं लिहिलं. मॅडमनी कागद परत घेतला, त्यावर शांतपणे एक आडवी रेघ मारली आणि दुसरा कोरा फॉर्म दिला.

"हे खरं नाही. आरोग्यासाठी तुम्ही आला नसतात," त्या म्हणाल्या. "घरी जा, नीट विचार करा, आणि जे असेल ते लिहून आणा. काही लिहावंसं वाटलं नाही तर येऊ नका."

घरी वारज्याला जाताना गाडीत मला मनातून बरं वाटत होतं आणि तसं वाटल्याची शरमही वाटत होती.

शनिवारी दुपारी आम्ही उमैरचे लंगोट घडी करत बसलो होतो. मी सरळ विचारलं, "तुला हे का करायचंय? तक्ता बाजूला ठेव आणि सांग."

त्याने तीन लंगोट घडी केले. मग म्हणाला, "मी सहा वर्षांचा होतो. नवा कुर्ता, गळ्यात हार, बाहेर पाहुणे. मला वाटलं, वाढदिवस आहे. अब्बांनी मांडीवर घेतलं आणि मागून दोन्ही हात धरले. समोर तो न्हावी, त्याला सगळे खलिफा म्हणायचे. अब्बा म्हणाले, 'बेटा, वर बघ, सोन्याची चिमणी आली.'"

हे मला माहीत होतं. माझ्या भावांनाही तेच सांगितलं होतं. सगळ्यांनाच सांगतात.

"मी बघितलं वर," फैज म्हणाला. "चिमणी नव्हतीच. पंख्याच्या हुकाजवळ एक पाल होती, शेपूट तुटलेली. मी तिच्याच आजूबाजूला शोधत राहिलो, म्हटलं हिच्या मागे असेल." त्याने चौथा लंगोट उचलला. "जखम आठ दिवसांत बरी झाली गं. तिचं काही नाही. खलिफाने सांगितलं असतं तर मी विसरलो असतो. सांगितलं अब्बांनी."

म्हणून त्याला आत्ताच करायचं होतं, आठवण राहायच्या आधी. आणि म्हणून त्याला आफ्रिकेतल्या चाचण्या हव्या होत्या, म्हणजे आपण आपल्या बापासारखं करतोय असं वाटू नये. मला त्याची फार दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

"उमैरला आठवणार नाही म्हणून चालतं का?" मी म्हणाले. "दुखेल तर त्यालाच ना? आणि तुझा हा तक्ता म्हणजे तरी काय आहे, फैज? मला दाखवायची सोन्याची चिमणीच ना?"

त्याने हातातला लंगोट खाली ठेवला. मग मीच म्हणाले, "मी सही करते. माझी अट एकच. कारण खरं लिहायचं, आणि तू आत थांबायचंस, त्याच्याकडे बघत. वर नाही, बाहेर नाही. त्याच्याकडे."

"ते नाही जमणार मला," तो म्हणाला.

"मग मलाही सही जमणार नाही." कोरा कागद मी फ्रिजवर चुंबकाने लावून टाकला.

रविवारी नेहमीप्रमाणे अब्बा पीएमटीच्या बसने आले. नातवासाठी त्यांनी एक टिकटिक करणारं जुनं घड्याळ आणलं होतं, कारण मोबाइलचा आवाज ऐकून पोर झोपत नाही असं त्यांचं ठाम मत. फ्रिजमधून पाणी घेताना त्यांना तो कागद दिसला. खिशातलं भिंग काढून, घड्याळाला लावतात तसं डोळ्याला लावून त्यांनी तो वाचला. मग टेबलावरचा तक्ताही वाचला, दोन्ही रंग.

"छान केलंय," ते म्हणाले. "यात मी कुठे आहे?"

"म्हणजे?" फैजने विचारलं.

"तुझं मी केलं ते आरोग्यासाठी नव्हतं. मला कुठे कळत होतं आरोग्य? माझ्या बापाने माझं केलं, म्हणून मी तुझं केलं. आमच्यात करतात. बस्स." त्यांनी भिंग पुसलं. "तुला करायचं नसेल तर नको करूस. मी काही मशिदीत तुझं नाव सांगायला जाणार नाही. पण करायचं असेल तर आफ्रिकेला मध्ये आणू नकोस."

फैज इतकी वर्षं जे बोलला नव्हता ते तेव्हा बोलला. "तुम्ही मला खोटं का सांगितलंत, अब्बा? चिमणीचं?"

माझ्या मांडीवर उमैर चुळबुळत होता. मी त्याला थोपटत राहिले, कारण उठून आत जावं की बसावं तेच मला कळेना.

"मला कुणी दुसरं काही शिकवलं नव्हतं," अब्बा म्हणाले. "आणि ते तुझ्या एकट्यासाठी नव्हतं. केसाएवढे स्क्रू बघणारा माणूस मी, दिवसाचे दहा तास. पण त्या दिवशी मला खाली बघवेना. तुला वर बघ म्हटलं आणि मीपण वरच बघत राहिलो. सगळं होईपर्यंत. पंख्यापाशी एक पाल होती. बांडी, शेपूट नसलेली. अजून दिसते मला."

फैजने माझ्याकडे बघितलं. पालीचं त्याने मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, अब्बांना कधीच नाही. मी टेस्टर आहे, दोन ठिकाणची नोंद जुळली की मला कळतं. बत्तीस वर्षांच्या माझ्या नवऱ्याने तोंड फिरवलं आणि तो रडायला लागला. अब्बा उठून त्याच्याजवळ गेले, पण त्याला धरलं नाही. नुसते शेजारी उभे राहिले.

मग त्यांनी मला विचारलं, "तुझी अट काय आहे?"

मी सांगितली.

"मी थांबतो आत," ते म्हणाले. "या वेळी मी बघतो."

"मीपण," फैज म्हणाला. "तुम्ही असाल तर."

त्यानंतर अब्बांनी पेन मागितलं आणि घड्याळाच्या पावतीवर लिहितात तशा बारीक, सरळ अक्षरात कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'आमच्यात करतात.' फैजने सही केली. कागद माझ्याकडे आला. चौघांत एकट्या उमैरला कुणी काही विचारलेलं नव्हतं, आणि हे मला तेव्हाही टोचलं, आजही टोचतं. पण निदान त्या कागदावर एकही अक्षर खोटं नव्हतं. मी सही केली. मोठा झाल्यावर त्याने विचारलंच तर दाखवायला त्याची झेरॉक्स कपाटात ठेवली आहे. ते वाचून तो माझ्यावर चिडला, तर तो त्याचा हक्क आहे.

शुक्रवारी हेमा मॅडमनी रकाना वाचून मान हलवली. "हे चालेल," एवढंच त्या म्हणाल्या. एरवी त्या नातेवाइकांना आत घेत नाहीत. त्या दिवशी दोघांना घेतलं.

मी बाहेर बाकावर होते. उमैरचं रडणं दाराबाहेर येत होतं आणि दाराकडे बघण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं. माझी अट मलाच लागू नव्हती, हे तिथे बसल्यावर लक्षात आलं. इतका वेळ मी कधीच कुठे बसले नसेन.

आत काय झालं ते फैजने मला घरी येताना सांगितलं. तो मागे माझ्या शेजारी बसला होता, उमैर दूध पिऊन माझ्या कुशीत झोपला होता आणि पुढे ड्रायव्हरशेजारी अब्बांचाही डोळा लागला होता. फैज म्हणाला, अब्बांनी एका हाताने उमैरचं डोकं धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने त्याचं, फैजचं, मनगट. मॅडमनी सुरुवात केली तेव्हा अब्बांचे पाय थरथरायला लागले. नर्सच्या ते लक्षात आलं.

"आजोबा, चक्कर आल्यासारखं वाटत असेल तर थोडं वर बघा," ती म्हणाली.

"वर काही नसतं, बाई," अब्बा म्हणाले. "मी बघितलंय."