आत्यासाठी थांबलेत

सकाळी आई अंघोळीला गेली होती, तेव्हा वाईहून मामेभावाचा, शंभूराजचा फोन आला. लालासाहेबमामा पहाटे झोपेतच गेले.

"धैर्या, समदी पावणी जमल्यात. आत्यासाठी थांबलोय. फोनवर तोंड बघू दे तिला, मग उचलू."

बहिणीनं तोंड बघितल्याशिवाय भावाला उचलायचं नाही, ही मामाच्या भावकीतली रीत धैर्यशीलला पक्की ठाऊक होती. पण आई कुपवाडहून पहिल्यांदाच व्हिएन्नाला त्याच्या घरी आलेली, उद्या तिचं परतीचं विमान. राजवाड्याची बाग बघायला हा एकच दिवस उरलेला. आता रडारड झाली तर सगळंच मुसळ केरात!

"तिला ताप आहे रे. नको सांगायला. तुम्ही उचला," तो बोलून गेला आणि आईचा फोन बंद करून त्यानं स्वतःच्या खिशात टाकला. संध्याकाळी सांगू, असं मनाशी म्हणाला. बायकांच्या पोटात काही राहत नाही असं मानणाऱ्या या शहाण्यानं बायकोलाही, क्रांतीलाही, काही सांगितलं नाही.

बागेत आई लहान पोरीसारखी हरखली. भिंतीसारखी कापलेली झाडं बघून म्हणाली, "ह्यांनी तर झाडांची हजामतच केलीया की गं क्रांती!" झुडपांच्या भुलभुलैयात ती दोनदा वाट चुकली आणि कमरेवर हात ठेवून हसत सुटली.

"लालाला दाखवाय पायजे हे. लाव की त्येला फोन."

"रेंज नाही आई."

आजूबाजूला सगळं जग फोन कानाला लावून हिंडत होतं. धैर्यशीलला आईकडे बघवेना.

क्रांतीनं वाटेत पडलेला एक गुलाब उचलून सासूच्या अंबाड्यात खोचला, फोटो काढला आणि लगेच स्टेटसला टाकला. "आईंच्या माहेरच्यांना बघू दे की!" धैर्यशीलनं तिच्या हातातून फोन ओढून घेतला. बघणाऱ्यांत शंभूराजचं नाव सगळ्यांत वर होतं. फोटो काढून टाकून आता काय उपयोग? तिकडं चिता पेटली असेल आणि इकडं बहीण फूल माळून हसत होती.

मग त्यानं आईला बाकावर बसवलं आणि सांगून टाकलं.

तिनं आधी अंबाड्यातलं फूल काढलं.

"माज्यासाठी थांबलं न्हाईत?"

"थांबले होते. मीच उचला म्हणालो."

तिनं तिथंच थोबाडीत दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं नुसता हात पुढं केला. त्यानं फोन चालू करून दिला, तोच तो वाजला. भावजय होती. रडून तिचा आवाज बसला होता.

"वन्सं, ताप हाय म्हनं तुमाला? आन फुलं माळून हसताय?"

"आई, दे इकडं, मी सांगतो. माझी चूक आहे," धैर्यशीलनं हात पुढं केला. आईनं तो बाजूला सारला.

"व्हय राहीबाई. सकाळीच कळलं हुतं मला. ल्योक बघ म्हनत हुता, मीच न्हाई म्हनलं. माजी मती फिरली."

पलीकडून फोन कट झाला. क्रांती तोंडावर पदर धरून रडायला लागली.

"आई, कशाला बोललीस असं? आता ते तुला दारात तरी उभं करतील का?"

"न्हाई करणार. माजं म्हायेर लालासंगं गेलं. तुला अजून मामाच्या दारात जायाचं हाय." ती बाकावरून उठली. "चल घरी. अंघूळ करायचीया मला."