एक किलो जास्त सांगणारा काटा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी काटा आहे. वर टांगायला कडी, खाली सामान अडकवायला हूक आणि मध्ये घड्याळासारखी गोल तबकडी, असा माझा अवतार. शाळेच्या पुस्तकात मला ताणकाटा म्हणतात. वाटूरच्या या घरात मात्र मी नुसता काटा.

माझा जन्म कुठे झाला ते मला सांगता येणार नाही. कडूबा आजोबांनी मला कुंभार पिंपळगावच्या बाजारातून आणले, तिथपासूनचे सगळे आठवते. कापूस वेचणीच्या दिवसांत ते मला शेतातल्या बाभळीला टांगायचे. बायका आपापली गाठोडी घेऊन रांगेने यायच्या. जितका कापूस वेचला तितकी मजुरी, म्हणून माझ्याकडे बघताना सगळ्यांच्या माना वर व्हायच्या.

एकदा मी फांदीवरून निसटलो आणि दगडावर आपटलो. माझी स्प्रिंग ढिली झाली. रिकामा असलो की मी शून्यावर गप्प राहायचो, पण काही अडकवले की एक किलो जास्त दाखवायचो. आजोबांनी दुकानातले पाच किलोचे माप लावून पाहिले. मी सहा दाखवले. आता आपली रवानगी भंगारात, असे मला वाटले. पण ते आजीला, म्हणजे नंदाबाईंना, एवढेच म्हणाले, "राहू दे असाच. दिवसभर वाकून काम करून राह्यल्या बाया. त्यांच्या पदरात किलोभर जास्त पडला तर आपलं काय जातं?"

तेव्हापासून वेचणीला येणारी सगुणाबाई सगळ्यांना सांगायची, "कडूबाभाऊचा काटा लई दिलदार हाय!" ते ऐकून माझी छाती फुगायची. खरी गोष्ट आजीशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती.

पुढे आजोबा गेले. बॅटरीवर चालणारा नवा काटा आला आणि मी कोठीतल्या खिळ्यावर गेलो. अंगावर गंज चढला. कडीपाशी गांधीलमाशीने घर केले. कित्येक वर्षे कोणी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र घरात सिंगापूरची गडबड सुरू झाली. थोरल्या नातीची, अक्षताची, दहावी झाली की चार दिवस परदेशातले एक शहर दाखवायचे, असा तिच्या वडिलांनी, म्हणजे आजोबांच्या मुलाने भारतरावांनी, तिला शब्द दिला होता. ते परतूरला शिक्षक आहेत. त्यांनी स्वस्तातली तिकिटे काढली. त्यात माणशी एकच हातातली बॅग आणि तीही सात किलोची.

चार दिवसांचा बेत एका कागदावर लिहून फ्रिजला चिकटवला होता. अक्षताला मोठमोठे झोके आणि दुकाने हवी होती, धाकट्या, आठवीतल्या तृप्तीला मत्स्यालयातले मासे. त्यांच्या आईने, भावनाने, खाली बारीक अक्षरात लिहिले होते, 'ऑर्किडची बाग'. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकताना तिने पुस्तकात बघून ऑर्किडची चित्रे काढली होती. खरी बाग कधी पाहिलीच नव्हती.

"आई, झाडं काय बघायची? शेतात हायेत की," अक्षता म्हणाली. "आणि त्या दिवशी दोन मॉल हायेत."

भावनाने ती ओळ खोडली.

तशी ती फार काळजी करणारी. मुलींच्या बॅगांच्या प्रत्येक कप्प्यात हॉटेलच्या पत्त्याची चिठ्ठी. मेट्रोचे दार लागून कोणी मागे राहिले तर जागचे हलायचे नाही, याची तिने जालन्याच्या स्टेशनवर दोनदा तालीम घेतली होती.

"मम्मे, सगळे लोक बघून राह्यलेत," तृप्ती कुजबुजली होती.

"बघू दे. तू हलू नकोस."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बॅगा मोजायच्या ठरल्या. नव्या काट्याचे सेल संपलेले. तृप्तीने मला कोठीतून काढले, पुसले आणि दाराच्या कडीला टांगले. इतक्या वर्षांनी अंगावर भार आला. मी चारही बॅगा आठ-आठ किलो दाखवल्या.

"माझी केसांची इस्त्री काढायची न्हाई," अक्षताने आधीच बजावले.

भावनाने मुलींच्या वस्तू आपल्या बॅगेत घेतल्या आणि आपल्या बाहेर काढल्या. आधी चालायचे बूट. मग भिंग. शेवटी चित्रांची जाड वही. मला ओरडून सांगावेसे वाटले. पण काट्याला फक्त आकडा दाखवता येतो, आणि माझा आकडाच खोटा होता.

तेवढ्यात आजी रेणुकाईच्या पिंपळगावहून देवीचे दर्शन करून आल्या. मला बघून दारातच थांबल्या.

"अगं, याच्यावर मोजलं? हा किलोभर जास्त सांगतो! तुझ्या सासऱ्यानं वेचणाऱ्या बायांसाठी तसाच ठेवलाता."

भारतरावांनी पाच किलोची पिठाची बंद पिशवी अडकवली. मी सहा दाखवले.

"म्हणजे सगळं बराबर होतं," भावना म्हणाली. तिने हुश्श केले आणि मुलींच्या वस्तू पुन्हा त्यांच्या बॅगांत ठेवू लागली. स्वतःची वही तशीच जमिनीवर राहिली.

ती तृप्तीने उचलून आईच्या बॅगेत सरकवली. वर भिंग ठेवले. अक्षता बुटांकडे बघत क्षणभर उभी राहिली. मग फ्रिजवरचा कागद काढून तिने एक मॉल खोडला आणि लिहिले, 'ऑर्किडची बाग, पूर्ण सकाळ'.

"अगं, तुम्ही कंटाळाल तिथं."

"कंटाळू की. माझ्या क्लासबाहेर तू दोन वर्षं स्कूटीवर बसून होतीस. मंग?"

भावनाने बूट उचलून बॅगेत भरले.

मित्रांनो, आज घरात आजी आणि मीच आहोत; बाकी सगळे सिंगापूरला गेलेत. आजीने माझ्या कडीला तेल लावले आहे. 'एक किलो वजा करा' अशी चिठ्ठीही तृप्तीने माझ्यावर डकवली आहे. जुनी वस्तू भंगारात देण्याआधी तिची खोड कोणाला माहीत आहे का, ते घरात विचारत जा. आणि बॅग जड झाली की सगळ्यात आधी कोणाचे सामान बाहेर निघते, तेही एकदा बघा. ते काही माझ्यासारख्या काट्यावर दिसत नाही.