लांबीचा पत्रा आणि शिवानीचा गाल

मित्रांनो, मी एक जुना लांबीचा पत्रा आहे. भिंतीला रंग देण्याआधी भेगा आणि खिळ्यांची भोकं बुजवायला जो लगदा लावतात ती लांबी, आणि ती ओढून सपाट करणारा मी. एका जागी पडून राहायचं म्हटलं की माझा जीव नुसता वळवळतो.

भोरच्या लियाकत पेंटरांच्या हातात माझी वीस वर्षं गेली. लोक भिंतीवरून हात फिरवून म्हणायचे, "लियाकतभाई, काय सफाई हो!" मी मनातल्या मनात फुगायचो. खड्डा दिसला की बुजवायचा, एवढीच माझी अक्कल! मग नवा रुंद पत्रा आला आणि मी डब्यात गेलो. दोन वर्षं! वेड लागायची पाळी आली होती.

मला बाहेर काढलं त्यांच्या लेकीनं, फौजियानं. ती ॲक्रिलिक रंगाचे गोळे माझ्यावर घेऊन कॅनव्हासवर थापायची, ओढायची, खरवडायची. हा रंग भारी उतावळा, बघता बघता वाळतो. माझं त्याच्याशी लगेच जमलं.

एका दुपारी आपलं चित्र काढून घ्यायला समोर शिवानी बसली होती, विंझरची, फौजियाची कॉलेजातली जिवाभावाची मैत्रीण. दुसऱ्या दिवशी ती नर्सच्या नोकरीसाठी नागपूरला निघणार होती. गावाकडची एसटी पाचला होती, म्हणून ती सारखी घड्याळ बघत होती. तिच्या उजव्या गालावर लांब व्रण होता. दोन वर्षांपूर्वी दोघी आंबवड्याच्या वळणावर फौजियाच्या स्कूटीवरून पडल्या, त्याचा. फौजियाला खरचटलंही नव्हतं. त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नव्हती.

कपाळ झालं, नाक झालं. गालापाशी फौजियाचा हात थबकला. मी मात्र जुन्या सवयीनं सरसावलो. गव्हाळ रंगाचा एकच सपाटा, आणि गाल कसा गुळगुळीत!

शिवानी बघायला उठली. "ही कोण गं?"

"तूच की. छान दिसतेस ना?"

"माजा गाल कुठं हाय? तुला त्यो बघवत न्हाई, व्हय ना? दोन वरसं झाली, तू माज्या दुसऱ्याच गालाशी बोलतीस." तिनं पिशवी उचलली. "न्हाई न्यायचं मला हे."

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फौजिया दारात आडवी उभी राहिली. "माझ्यामुळे झालं गं. त्या वळणावर मी मोबाईल बघत होते. सांगायची हिंमतच झाली नाही."

"ठावं हाय मला. म्या मागंच बसले व्हते की," शिवानी म्हणाली आणि पुन्हा येऊन बसली. "काढ आता नीट."

फौजियानं रडत रडत मला उभं धरलं आणि कोपऱ्यानं गाल खरवडला. रंग वाळला होता मेला! तिनं जोर लावला, तसा माझा कोपरा कट्‌कन मोडला. पण सुरुवातीला दिलेला खालचा तांबूस थर वर आला, अगदी व्रणाच्याच जागी. शिवानीनं आधी चित्राच्या गालावरून बोट फिरवलं, मग स्वतःच्या.

पाचची एसटी चुकली. फौजियानंच तिला विंझरला सोडलं, त्याच स्कूटीवर. शिवानी चित्र कवटाळून मागं बसली होती.

भिंतीचे खड्डे मी अजूनही खुशाल बुजवीन. फक्त काम झालं की मला पुसून ठेवा आणि डब्यात टाकून विसरू नका. माझ्या मोडक्या कोपऱ्यावर त्या गालाचा रंग वाळून बसलाय. तेवढा मात्र राहू द्या.